कणाचं वाढलेलं आयुष्य

कण जास्त जगत होता. आमच्या मोजणीत त्याचं आयुष्य इतर सगळ्या गटांच्या आकड्यापेक्षा थोडं लांब येत होतं. देशमाने सर खुशीत होते. सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागाचे ते प्रमुख. दोन आठवड्यांनी परदेशातल्या कॉन्फरन्समध्ये हा निकाल ते मांडणार होते. प्रयोग हजारो लोकांचा. त्यातलं हे एक मापन आमच्या वाट्याला आलेलं. मी प्रोजेक्टवर, करारावर. तासगावहून रोज एसटीने यायची.

काम काय ते सांगते. कोलायडरमध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्यातून जन्मणारा आमचा कण सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी जेमतेम दीड भाग जगतो. तेवढं मोजणारं घड्याळ नाही. म्हणून फुटण्याआधी तो किती धावला ते मोजायचं. काही मिलिमीटर. वेग माहीत असला की आयुष्य निघतं. हे अंतर टकरीच्या जागेभोवती बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांवरून कळतं. पण त्या पट्ट्या नेमक्या कुठे आहेत हे आधी ठाऊक हवं. वार्षिक दुरुस्तीनंतर त्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण सरकतात. नवी जागा सांगणारी एक फाइल असते, तिला अलाइनमेंट म्हणतात.

त्या बुधवारी मी सगळा डेटा दोन भागांत तोडला. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात कण नेहमीइतकाच जगत होता. आयुष्य वाढलं होतं ते फक्त नंतरच्यात. मी कोड उघडला. नंतरच्या डेटालाही जुनीच अलाइनमेंट लावलेली होती. शेजारी ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव. माझं.

 मग आठवलं. तेव्हा नवी फाइल तयार नव्हती. सर म्हणाले होते, "जुनीच घाल, नंतर बदलू." नंतर ते विसरले. मीही विसरले.

दोन्ही भागांचे आलेख घेऊन तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आयुष्य वाढलेलं नाही. फाइल चुकलीय."

त्यांनी दोन्ही आलेख पाहिले.

"एरर थोडी मोठी दाखव. सिस्टिमॅटिकमध्ये टाक. कॉन्फरन्स झाली की दुरुस्त करू."

सिस्टिमॅटिक म्हणजे मोजण्याच्या पद्धतीतच बसलेला दोष. वजनकाटा शंभर ग्रॅमने पुढे असेल तर बेदाणा हजार वेळा तोला, उत्तर चुकणारच. दोष नेमका किती ते कळत नसेल तर शंकेला जागा म्हणून एरर, म्हणजे आकड्यापुढची अधिक-उणे मर्यादा, रुंद ठेवतात. पण काटा पुढे आहे हे दिसल्यावर काटाच नीट करायचा असतो.

"सर, माहीत असलेली चूक एररमध्ये कशी टाकायची?"

"पुढच्या महिन्यात तुझी परमनंटची मुलाखत आहे ना?" सर म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता.

शुक्रवारी ऑनलाइन रिव्ह्यू झाला. प्रयोगातल्याच दुसऱ्या देशातल्या एक बाई परीक्षक होत्या. त्यांनी नेमकं तेच विचारलं. "दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा डेटा वेगवेगळा पाहिलात का?"

"पाहिला," सर म्हणाले. "दोन्हीकडे आकडा सारखाच आहे."

मी म्यूटवर होते. पाच-सहा सेकंद तशीच बसून राहिले. त्या सेकंदांत मला मुलाखतीशिवाय दुसरं काही सुचलं नाही, हे कबूल करते. मग म्यूट काढला.

"सारखा नाही. नंतरच्या डेटाला जुनी अलाइनमेंट लागलीय. ती ओळ माझी आहे."

निकाल मागे घेतला गेला. संध्याकाळी सरांचा सगळ्यांना ईमेल आला. 'कनिष्ठ सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेली चूक आमच्या गटाने वेळीच शोधून काढली.' चूक माझी, शोध गटाचा. उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. "जुनीच घाल" याला पुरावा काय देणार? मुलाखत दहा मिनिटांत उरकली. त्यातली आठ मिनिटं निष्काळजीपणावरच गेली. करार संपला, तो कुणी वाढवला नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "चूक तुजी व्हती का न्हाई, तेवढं सांग."

"अर्धी, आबा."

"मग अर्धी नोकरी तरी ठिवायची की त्यांनी." ते हसले नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

पुढे दुसऱ्या एका गटाने माझाच कोड घेतला, नवी फाइल लावली. आकडा सगळ्यांच्या आकड्याशी जुळला. पेपर छापून आला. हजारो नावं वर्णानुक्रमाने, त्यात देशमाने सरांचं होतं. माझं नव्हतं, प्रयोग सोडणाऱ्यांची नावं ठरावीक मुदतीनंतर यादीतून निघतात, आणि माझी मुदत संपली होती. नियमाला धरूनच झालं सगळं.

आता मी फलटणला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. वरिष्ठांनी तोंडी काही करायला सांगितलं की मी आधी दोन ओळींचा ईमेल मागते. लोकांना राग येतो. येऊ दे.