गाभ्यासकट

ओसान म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, लासरचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणायचो. तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत त्यांच्या हातची काथवट नाही असं एकही घर नव्हतं. पीठ मळायची काथवट, धारेची चरवी, लोण्याचं भांडं, म्हाताऱ्यांची लापशी प्यायची वाटी, सगळं एकेका लाकडातून कोरलेलं. त्याला ना जोड, ना खिळा.

हात असा, आणि तोंड मात्र भारी कडू. एकदा मुरगेल नावाची एक बाई ठरलेलं भांडं न्यायला आली आणि उगाच खोट काढत म्हणाली, "काठ जरा वाकडाच वाटतोय मला." दाजींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, चुलीत घातलं आणि विचारलं, "आता? आता वाटतोय का वाकडा?" बाई रिकाम्या हाताने घरी गेली. ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "देवाने हातात वाकस दिला तो दिला, तोंडातही एक देऊन ठेवलाय यांना."

मी त्यांना लाकूड फोडून द्यायचो. बारा वर्षं दिलं. ओंडका आणला की ओकच्या लाकडाच्या पाचरी लावायच्या, मोगरीने ठोकत जायचं आणि ओंडका उभा चिरून त्याच्या दोन फाका करायच्या. मग मधला गाभा, बोटाएवढा असेल नसेल, दोन्हीकडून तासून टाकायचा. त्यानंतर दाजी वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीने, पोट खोदायला बसत. लाकूड ओलं असतानाच हे सगळं व्हायला हवं. कच्चं भांडं मग दलदलीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नंतर सावलीत ढलप्यांखाली सावकाश सुकू द्यायचं आणि शेवटी वाकड्या सुरीने आत-बाहेर घोटायचं. लहान भांड्याला एक हिवाळा पुरे, मोठ्याला दोन.

गाभ्याच्या बाबतीत दाजी कोणाचं ऐकत नसत. ते म्हणायचे, "सुकताना बाहेरचं लाकूड आक्रसतं. गाभा जागचा हलत नाही. मग कोणीतरी फाटणारच." एका म्हाताऱ्याला गाभ्यासकट वाटी हवी होती, नक्षी छान दिसते म्हणून. त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

आमचा राजा फिआख्रा म्हणजे चार टेकड्यांचा आणि एका तळ्याचा राजा. पण त्याच्याही वर एक मोठा राजा होता आणि तो त्या वर्षी कापणीच्या सणाला आमच्याकडे जेवायला येणार होता. वसंतात ही बातमी आली आणि फिआख्राची झोप उडाली. जुन्या दफनभूमीत इवरचं एक झाड होतं. इवर कायम हिरवं असतं, त्याचा पाला खाल्ला तर गाय मरते, पण लाकूड आतून असं तांबूस निघतं की पाहत राहावं. या झाडाला तीन माणसांची कवळ लागायची. फिआख्राने भर सभेत सांगून टाकलं, "या अख्ख्या झाडाच्या रुंदीचं भांडं करीन. पाहुण्याच्या सगळ्या सरदारांना एकाच भांड्यातून जवाची दारू पाजीन."

झाड पडलं. दाजींना आणि मला बोलावणं आलं. आम्ही बैल घेऊन राजवाड्याच्या आवारात गेलो. राजवाडा म्हणायचं म्हणून म्हणतो, आमच्यापेक्षा दोन कुंपणं जास्त आणि गवताचं छप्पर जरा उंच, एवढंच. ओंडका तिथे पडलेला होता. राजा बाहेर आला, बरोबर त्याचा कारभारी दूनगाल.

दाजींनी ओंडक्याभोवती एक फेरी मारली, वाकून टोकाकडून पाहिलं आणि म्हणाले, "मधून चिरून दोन भांडी होतील. एकासारखं एक."

"एकच हवंय," दूनगाल म्हणाला. "अख्खं. गोल."

"मग गाभा मधोमध येईल."

"येऊ दे की."

"येऊ दे काय? फुटेल."

राजा हसला. "ओसान, आत्तापर्यंत तुझं एक तरी भांडं फुटलंय का?"

"नाही. कारण गाभा ठेवलेलं एकही मी केलेलं नाही. आणि महाराज, सण तीन महिन्यांवर आलाय. एवढ्या लाकडाला दोन हिवाळे लागतात. सणाच्या दिवशी फुटेल नाहीतर दुसऱ्या दिवशी, पण फुटणार. आत्ताच सांगून ठेवतो. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

राजाचं हसू आटलं. "मी भर सभेत बोललोय. तू करणार नसशील तर नदीपलीकडे कारागीर आहेत. फक्त मग रोनातचं लग्न दूनगालच्या घरात होणार आहे, त्याचंही बघावं लागेल."

रोनात दाजींची एकुलती मुलगी. दूनगालच्या पुतण्याशी तिचं ठरलेलं होतं आणि पोरगी त्याच्यावर जीव टाकत होती. दाजींनी ओंडक्याच्या टोकावरून एकदा हात फिरवला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, बैलांच्या वेसणी धरून उभा होतो. एकेक शब्द मी ऐकला.

घरी येताना मीच म्हणालो, "करून टाका, दाजी. फुटायचं असेल तर लग्नानंतर फुटेल."

"लाकडाला लग्न कळत नाही, बेकान," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वाकस घेऊन बसले.

भांडं असं झालं की सांगता सोय नाही. मी खूप कारागीर पाहिले, तसं काम पुन्हा कोणाच्या हातून झालेलं पाहिलं नाही. भिंत अंगठ्याएवढी जाड, सगळीकडे सारखी. बाहेरून पट्ट्यासारखी एक वेल, ती फिरून फिरून स्वतःलाच येऊन मिळायची. दाजींनी ते जमेल तितकं सावकाश सुकवलं. दिवसातून तीनदा ओल्या शेवाळ्याने गुंडाळायचे, उघडायचे, बोटं फिरवून पाहायचे. मेण चोळलं. जेवायचे नाहीत धड. ताई म्हणायची, "आमच्या पोरीच्या वेळीसुद्धा एवढे उठबस करत नव्हते हे."

सणाच्या दिवशी चार माणसांनी भांडं आत नेलं. मोठ्या राजाने काठावरून हात फिरवला आणि म्हणाला, "फिआख्रा, माझ्या घरी असं नाही." तेव्हा फिआख्राचा चेहरा बघण्यासारखा होता. दारू ओतली गेली. तिसऱ्यांदा भरलं आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तळापासून काठापर्यंत उभी चीर गेली आणि दारू थेट पाहुण्याच्या मांडीवर. मग मोठा राजा आपला अंगरखा झटकत हसत म्हणाला, "राज्य तरी गळत नाही ना रे तुझं?" आणि त्याचे सगळे सरदार हसले.

दाजी दाराशी बसले होते. उठून शांतपणे बाहेर गेले.

आमच्यात भांडण झालं की टेकडीवर निवाडा होतो; राजाने फुटक्या भांड्याचं गाऱ्हाणं तिथे नेलं. निवाडा करणारे मेलान नावाचे म्हातारे, माणूस सरळ. ते म्हणाले, "भांडं फुटलं तर दोष कारागिराचा. पण त्याने आधी बजावलं असेल आणि ते ऐकलेला साक्षीदार असेल, तर दोष करवून घेणाऱ्याचा. ओसान, साक्षीदार आहे?"

"आहे," दाजी म्हणाले. "माझा मेहुणा."

आता निवाड्याच्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगायला हवं. मी धार काढत होतो आणि दूनगाल कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ गाईंचं कौतुक करत होता. मग म्हणाला, "कुरण कोणाचं रे हे?"

"राजाचं."

"हं. चांगलं आहे. गाई खूश दिसतात." जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी तू बैलांपाशी उभा होतास, नाही? बैल फुरफुरतात, शेपट्या हापटतात. बैलांपाशी उभ्या माणसाला काय ऐकू येणार?"

एवढंच बोलला. धमकी नाही, काही नाही. जाताना माझ्या वासराच्या डोक्यावर हात फिरवून गेला.

टेकडीवर मेलाननी मला विचारलं, "बेकान, ओसानने राजाला बजावलं होतं का?"

मी म्हणालो, "मी बैल धरून उभा होतो. मला ऐकू आलं नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ओरडतील, चुलीत भांडं घालणारा माणूस तो. ते मान खाली घालून ढलपी न्याहाळावी तसं स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

त्यांची पत निम्म्यावर आली. कारागिराचा मान गेला, मेजवानीच्या घरात बसायची जागा गेली, आणि त्यांची शपथ यापुढे कुठल्याही निवाड्यात चालणार नव्हती. संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. माझ्या पाचरी आणि मोगरी उंबऱ्यावर ठेवल्या. "तुझी हत्यारं," म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

रोनातचं लग्न दूनगालने आठवड्यात मोडलं. निम्मीच पत उरलेल्या माणसाची मुलगी त्यांच्या घरात कशी चालणार? पुढच्या वसंतात तिला समुद्राकडच्या एका विधुराकडे दिलं, बापाच्या वयाच्या. निघताना ती माझ्या घरावरून गेली. मी दारात उभा होतो. तिने मान वळवली नाही.

दाजी मग डुकरांना खायला घालायच्या डोणी करायचे. मागच्या दाराने एखादी बाई येऊन गुपचूप काथवट मागायची, तिलाही करून द्यायचे, पण आता कोणी काठ वाकडा म्हटलं तर "असेल" म्हणायचे. ताईने मला हे एकदा ओढ्यावर सांगितलं. कपडे आपटत होती, वर न बघता म्हणाली, "असेल म्हणतात, कळलं? तुझे दाजी." चार हिवाळे असे गेले. खोकला होताच, इवरची धूळ छातीत बसते म्हणतात. पाचव्या हिवाळ्यात गेले. खांदा द्यायला मी पुढे झालो तर ताईने हातानेच मला बाजूला केलं, दारातलं कोंबडं करावं तसं.

माझ्या गाई राजाच्या कुरणात चरत राहिल्या. त्या खरंच चांगल्या होत्या.

फुटकं भांडं राजाने फेकूनच दिलं होतं. जवळच्या मठातल्या लोकांनी ते उचलून नेलं, एका तांबटाकडून चिरेवर पितळेच्या पट्ट्या ठोकून घेतल्या आणि त्यात पवित्र पाणी ठेवायला लागले. पुढे वर्षं गेली तशी एक गोष्ट पसरली. म्हणे कोणीतरी मोठ्या राजाला विष घातलं होतं आणि मठाच्या संताने त्याला वाचवण्यासाठी भांडं फोडलं. लांबलांबून लोक यायला लागले. बायका त्या चिरेला ओठ लावायच्या.

हे ऐकल्यावर मात्र मला राहवेना. दाजी जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. फिआख्रा मेला होता, दूनगालही मेला होता. मग मला कसलं भय? मी मठात गेलो आणि मठाधिपतींना सगळं सांगितलं, गाभ्यापासून बैलांपर्यंत.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुला आत्ता आठवलं?"

"तेव्हाही आठवत होतं, बाबा."

"हं." ते भांड्याकडे बघत होते. "मागच्या वर्षी एक बाई आली होती. तीन मुलं मेलेली जन्मली होती तिला. यातलं पाणी प्यायली. चौथं आता रांगतंय. तिला मी जाऊन सांगू, की बाई, ही चीर एका हट्टी राजाची आणि एका भित्र्या माणसाची आहे?"

"निदान ज्याने केलं त्याचं नाव तरी..."

"काय नाव होतं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते नाव त्यांनी कुठे लिहून ठेवलं का, मला माहीत नाही. ठेवलं असेल असं वाटत नाही.

तिथून मी सरळ ताईकडे गेलो. ती अंगणात सुपात घेवडे निवडत होती. म्हातारी झाली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की आज मी खरं बोलून आलो.

"कोणाला?"

"मठाधिपतींना."

"ते होते का टेकडीवर?"

"नाही."

"मेलान आहेत?"

"नाहीत, ताई. गेले."

"रोनातला सांगितलंस?"

मी तिच्या सुपाकडे बघत राहिलो. ती उठली, आत गेली आणि एका वाटीत दही घेऊन आली. दारात आलेल्या कोणालाही आमच्यात उपाशी पाठवत नाहीत, तेवढा रिवाज तिने पाळला. वाटी माझ्या हातात न देता तिने ती दगडावर ठेवली.

"खा आणि जा," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप पुढ्यात ओढून घेवडे निवडायला लागली.