चर्चा कक्ष

साधनाबाईंना दिवसातून एकदा तरी वाटायचं की या लोकांना पुस्तकं देणंच बंद करावं आणि ग्रंथालयात धानाची पोती भरून ठेवावीत. पोती निदान वायफायचा पासवर्ड विचारत नाहीत.

कारध्याच्या पुलाअलीकडे विद्यापीठाचं एक उपकेंद्र आहे. तिथल्या ग्रंथालयाचा सगळा कारभार साधनाबाईंच्या डोक्यावर. खाली पुस्तकं, वर अभ्यासिका. अभ्यासिकेत खुर्च्या कमी आणि पोरं जास्त, त्यामुळे दार उघडलं रे उघडलं की पोरं खुर्च्यांवर दुपट्टे टाकून जागा धरत आणि चहाच्या टपरीकडे पळत. मग दुपट्टा अभ्यास करी आणि पोरगा गप्पा. बाई संतापून दुपट्टे गोळा करत, की त्यावरून वेगळी भांडणं. वर्तमानपत्रातलं नोकरीच्या जाहिरातींचं पान रोज कोणीतरी फाडून नेई. प्राध्यापक मंडळी पुस्तक घरी नेत ते हुंड्यात मिळाल्यासारखं ठेवून घेत. विद्यापीठानं ऑनलाइन नियतकालिकांचं केवढं भांडार घेऊन ठेवलेलं. ते कसं उघडायचं हे बाईंनी घसा कोरडा करून शिकवावं, आणि मागच्या बाकावरून प्रश्न यावा, "मॅडम, याच्यावर मॅच दिसते का?"

या सगळ्यात त्यांचा जीव अडकला होता तो वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत. चार जणांनी एकत्र बसून अभ्यासावर बोलावं म्हणून ती खोली. वरिष्ठ कार्यालयानं दारावर लावायला 'डिस्कशन रूम' अशी पाटी पाठवली होती, ती बाईंनी परत धाडली. मराठी मुलखात मराठी पाटी पाहिजे म्हणून त्या साहेबांशी तावातावानं भांडल्या, आणि शेवटी 'चर्चा कक्ष' अशी पाटी लावून घेतली. गावातल्या लोकांनाही सभासद होऊन ही खोली वापरता येते, असं खाली मुद्दाम लिहून घेतलं. गावातून कोणीही आलं नाही. पोरं आत कूलर लावून डबे खात.

पोरांमध्ये बाईंचा राग ज्या एकीवर टिकत नसे ती रेणू. मूळची नाकाडोंगरीची, आता कारध्याला मावशीकडे राहणारी. वनसेवेची पूर्वपरीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती आणि मुख्य परीक्षा महिन्यावर आली होती. वनशास्त्राची जाडजूड पुस्तकं बाईंनी नागपूरच्या मुख्य ग्रंथालयातून तिच्यासाठी मागवली, तीही तिथल्या लोकांचं डोकं खाऊन खाऊन. ती पुस्तकं घरी नेता येत नाहीत, इथंच बसून वाचावी लागतात. म्हणजे रेणूची परीक्षा या अभ्यासिकेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर अवलंबून होती. त्या खुर्चीवर दुपट्टा टाकायची कोणाची छाती नव्हती.

रेणूचे वडील भैय्यालाल मात्र मेटाकुटीला आले होते. त्यांना पोरगी उजवायची होती, आणि पोरगी हाती लागत नव्हती. पाहुणे यायचे ठरलं की ती मावशीला सांगे, "मी लायब्ररीत आहो," आणि फोन बंद करी. लायब्ररीत जाऊन पोरीला ओढून आणणं काही बरं दिसत नाही, एवढी लाज भैय्यालालना होती. पाहुणे चहा पिऊन परत जात. हे सगळं बाईंना ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचा मनापासून आनंद होता.

अशात एक दिवस भंडाऱ्याच्या कोणा सोमाजींचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याइथी चर्चेची खोली भेटते म्हणे?"

बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. "भेटते ना! सभासद व्हा, लगेच देते. विषय काय आहे?"

"विषय तं मोठा आहे मॅडम. दोन्हीकडचे लोक धानवाले. काही नाकाडोंगरीकडचे, काही लाखनीचे. तुमची जागा दोघायलेही मधात पडते, अन् थंडीगार आहे."

धानवाले! बाईंच्या डोळ्यांसमोर बियाणं, तलावाचं पाणी, खोडकिडा असं सगळं उभं राहिलं. अखेर शेतकरी ग्रंथालयात येणार! त्यांनी स्वतः टेबल पुसून घेतलं, माठ भरून ठेवला आणि धानावरची होती तेवढी पुस्तकं मधोमध रचून ठेवली.

ठरलेल्या दिवशी माणसं जिना चढून वर आली. पुढे सोमाजी. त्यांच्या मागे इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ, त्यांचा परफ्यूम मारलेला मुलगा, दोन बायका, आणि सर्वांत मागे हातात मिठाईचा डबा आणि साडीची पिशवी घेतलेले भैय्यालाल. बायकांतली पोह्यांचा डबा धरलेली ती रेणूची आई. भैय्यालालनी धानाची पुस्तकं अदबीनं बाजूला सरकवली आणि त्या जागी पोह्यांचा डबा ठेवला.

साधनाबाईंच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. भैय्यालालच्या घरात चर्चा म्हणजे एकच चर्चा, ती सोयरिकीची! पोरगी लायब्ररीतून बाहेर येत नाही ना, मग त्यांनी मध्यस्थ सोमाजींना हाताशी धरून सोयरीकच लायब्ररीत आणली होती.

"हे काय लावलं तुम्ही?" बाई दारातच कडाडल्या. "ही अभ्यासाची जागा आहे!"

"मॅडम, पाटीवर तुम्हीच लिहिलं, चर्चा कक्ष," भैय्यालाल म्हणाले. "चर्चाच तं करून राहिलो. भांडण थोडी करून राहिलो? अन् सभासद आहो आम्ही, कार्ड दाखवू का?"

बाईंना आपल्याच पाटीचा एवढा राग आला की ती उपटून वैनगंगेत फेकावी. काय म्हणून भांडलो आपण साहेबांशी? डिस्कशन रूम राहिली असती तर हे बाबाजी फिरकलेच नसते!

बापाची हाक ऐकून रेणू उठली. पण ती आधी बाईंच्या टेबलापाशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, खोली तुम्ही दिली?"

"अगं मला वाटलं धानावर..."

"इथी तरी कोणी येत नव्हतं मॅडम," रेणू म्हणाली, आणि आत गेली.

एवढ्या वर्षांत लोकांनी साधनाबाईंना खूप काही बोलून घेतलं होतं, कशाचंच काही वाटलं नव्हतं. हे वाक्य मात्र सरळ काळजात गेलं.

काचेची खोली दिसायला काचेची, पण आतलं सगळं बाहेर ऐकू येई. शांतता राखा म्हणून बाई रोज ओरडत, तेव्हा कोणी ऐकलं नाही. आज न सांगता अभ्यासिका चिडीचूप झाली. पोरांनी कानातले इअरफोनसुद्धा काढले, मेले!

पांढऱ्या सदऱ्याचे गृहस्थ म्हणजे लाखनीचे वासुदेवराव, मुलाचे वडील. त्यांनी घसा साफ केला. "पोरी, नोकरी लागली तं जंगलात फिरा लागंन. मंग घर कोण पाहीन?"

"पाहू ना काका. आधी लागू तं द्या," रेणू म्हणाली. "मी पेपर होईपर्यंत लग्नाचं काही बोलत नाही. हो नाही, अन् नाही नाही."

"तिले काय समजते?" भैय्यालाल घाईघाईनं मध्ये पडले. "तुम्ही साक्षगंधाची तारीख धरा."

वासुदेवराव माणूस बरा होता. त्यांनी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. "भैय्यालालजी, पोरगी बोलून राहिली ते ऐका लागते. पेपर होऊ द्या, मंग पाहू." आणि ते आपल्या माणसांना घेऊन जिना उतरून गेले. सोमाजीही त्यांच्या मागे लगबगीनं सटकले.

भैय्यालालचा चेहरा लालबुंद झाला. त्यांचा सगळा संताप आता या इमारतीवर उलटला. "या लायब्ररीनंच डोकं फिरवलं हिचं! रेणू, सामान भर. आत्ता नाकाडोंगरीले चाल. पेपर-गिपर काही नाही."

"बाबूजी, लायब्ररी बंद होईपर्यंत मी उठत नाही," रेणू म्हणाली आणि खिडकीजवळ जाऊन पुस्तक उघडून बसली. एवढ्या पोरांसमोर तमाशा करणं भैय्यालालना जमेना. "ठीक आहे," ते म्हणाले, "बंद झाली का डायरेक्ट निंगू," आणि वर्तमानपत्रांच्या बाकावर मांडी ठोकून बसले. रेणूची आई डोळ्याला पदर लावून त्यांच्या बाजूला बसली.

दुपार अशीच गेली. साधनाबाई टेबलाशी बसून नुसत्या धुमसत होत्या. भैय्यालालवर, सोमाजीवर, आणि सर्वांत जास्त स्वतःवर. बंद करायची वेळ सहाची. अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी ठेवा म्हणून पोरं कितीतरी दिवस मागे लागली होती. परीक्षेच्या काळात तसं करायची मुभाही होती. पण बाईंना लाखनीला घरी जायची बस धरायची असे, म्हणून त्या प्रत्येकाला उडवून लावत.

सहा वाजले. पोरं बाईंकडे बघू लागली. रेणूनं मान वर केली नाही, पण तिचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

भैय्यालाल उठले. "मॅडम, सहा झाले. बंद नाही करत?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग किती वाजता बंद होते?"

"तुमच्या पोरीचा पेपर झाला का!"

"म्हणजे रातभर उघडी ठेवान?"

"ठेवीन! परीक्षेच्या दिवसांत ठेवता येते. तुम्ही सभासद आहात ना? बसा मग. पण अभ्यास करा लागंन, नुसतं बसता नाही येत इथी."

भैय्यालालनी बायकोकडे पाहिलं. रेणूच्या आईनं पदर खाली केला आणि पहिल्यांदाच बोलली, "चला, गावाले जायची तुमसरची गाडी निंगून जाईन. पोरीले बसू द्या." तिनं पोह्यांचा डबा लेकीच्या टेबलावर ठेवला, साडीची पिशवी तेवढी परत उचलली आणि जिना उतरायला लागली. भैय्यालाल बडबडत तिच्यामागे गेले.

अभ्यासिकेत कोणी टाळ्या वाजवायला गेलं, तर बाईंनी असे डोळे वटारले की तो गपकन पुस्तकात शिरला. रेणूनं मात्र वर पाहिलं नाही. तिनं पान उलटलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. लाखनीहून त्यांचे यजमान कमलेशराव.

"बस भेटली का? कणिक मळून ठेवू?"

"मी नाही येत आज. उद्याचंही सांगता नाही येत."

"काहून?"

"काहून म्हणजे?" साधनाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की सगळ्या पोरांनी माना वळवल्या. "लायब्ररी उघडी आहे म्हणून!"