सुजाताचा डावा डोळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवळात हात जोडून उभी असतानाही नाही. तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत राहते. आता सांगते आहे, पण आधीच बजावते, मी रडणार नाही. रडणाऱ्या बाईला लोक लवकर माफ करतात. मला तसलं काही नको.

मी फलटणची. लग्न होऊन सांगलीत आले. सासरी हळदीचा व्यापार, आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं शिस्तीचं जैन घर. मला शाळेपासून चष्मा. साधा नाही, जाड. पोरं ‘दुर्बीण’ म्हणायची. एक स्थळ तर चहा पिऊन, पोहे खाऊन, दारात चपला घालता घालता सांगून गेलं, “मुलगी चांगली आहे हो, पण पुढं पोरंबी चष्म्याचीच व्हायची.” म्हणून सांगलीचं स्थळ आलं तेव्हा मी लेन्स घालून बसले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्याला कळलं, तो हसला. म्हणाला, “आईला कळू देऊ नकोस.” झालं. लेन्सची डबी साड्यांच्या मागं गेली आणि मी रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून डोळे ‘घालू’ लागले. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “आमच्या सूनबाईची नजर बघा, एका दमात सुई ओवती.”

याचा पश्चात्ताप आहे का? नाही. तसूभरही नाही. चष्म्याच्या पोरीला भाजीसारखं निवडून बाजूला टाकणाऱ्यांशी मी खोटं वागले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा वागेन. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पण सुजाता होती ना.

सुजाता माझी नणंद. तिलाही चष्मा, माझ्याएवढाच जाड. नवऱ्यानंतर माझं गुपित घरात फक्त तिलाच कळलं. एका सकाळी कडी नीट लागली नव्हती, ती आत आली, मी बोटावर लेन्स घेऊन उभी. तिनं दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून मी आत असले की ती बाहेर काहीतरी झाडत-पुसत उभी राहायची. राखण करायची माझी. असं माणूस होतं ते.

मग तिला साताऱ्याचं स्थळ आलं. मध्यस्थानं फोनवर विचारलं, मुलीला चष्मा नाही ना? सासूबाई म्हणाल्या, “न्हाई.” फोन ठेवला आणि सुजाताकडं वळल्या. “एक दिवस काढून ठीव की. भिंतीला धडकत न्हाईस न्हवं?”

भिंत म्हणाल तर तीही बघण्यासारखी नव्हती. पुराचं पाणी आत मुरलेलं, बाहेरच्या खोलीचा रंग पापुद्र्यानं सुटत होता. सासऱ्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळ्या आणल्या, फिकट रंगावर बारीक हिरवी पानं. लावणारा माणूस ऐनवेळी आला नाही. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार. मग आम्ही दोघी पदर खोचून उभ्या राहिलो. भिंत खरवडली, दोऱ्याला कुलूप बांधून सरळ रेघ धरली, बादलीत खळ कालवली. मी स्टुलावर चढून वरून पट्टी चिकटवायची, ती खालून फडक्यानं मधून कडेला हवा काढत यायची. छान चाललं होतं. हसत होतो आम्ही.

लेन्सची कल्पना माझी. ती म्हणाली नव्हती, मी म्हणाले. माझी जुनी जोडी होती, नंबर जवळपास तिचाच. आता ऐका— मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. लेन्स देताना डॉक्टरांनी घोकवून घेतलं होतं : हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, एकाची लेन्स दुसऱ्यानं घालायची नाही. माझ्या डोळ्यांसाठी मी हे सगळं देवपूजेसारखं पाळत होते. त्या दिवशी लेन्सच्या औषधाची बाटली तळाला गेली होती. माझ्यापुरतं होतं. ते मी माझ्यासाठी ठेवलं आणि तिच्या लेन्स नळाखाली धरल्या.

परत वाचा हवं तर. माझ्यापुरतं होतं, ते मी ठेवलं.

काम अर्ध्यावर असताना सुजाता म्हणाली, “वहिनी, आत्ताच घालून बघूया की, उद्या पंचाईत नको.” माझ्या हातांना खळ. मी बोटं शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुचकळली, पदराला पुसली आणि तिच्या डोळ्यांत लेन्स घातल्या. उजवी बसली. डावीला ती कळवळली. “चुरचुरतंय वहिनी.” मी म्हटलं, सवय होईल. मग ती भिंतीकडं वळली, पापण्या मिचकावल्या आणि लहान पोरीसारखी ओरडली, “आवं, इथं पान जुळलं न्हाई बघा!” चष्म्याशिवाय तिला पान दिसलं होतं. किती आनंद झाला होता तिला—

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मुलगी पसंत पडली. डावा डोळा लाल होता, पण ती पाहुणे उठेपर्यंत हसत बसली. ते गेल्यावर मी लेन्स काढल्या. सकाळी तिला उजेड सहन होईना. डोळ्यातून पाणी थांबेना. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? सुजातानं तोंड उघडायच्या आत मी बोलले, “परवा खळ उडाली डोळ्यात.” जवळच्या डॉक्टरांना तेच सांगितलं. त्यांनी त्यावर थेंब दिले. त्यात दिवस गेले. जे दिवस जायला नको होते, तेच गेले.

शेवटी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून मला विचारलं, या लेन्स वापरतात का? मी नाही म्हणाले. ते म्हणाले, नीट आठवा, यावर औषध ठरणार आहे. मी पुन्हा नाही म्हणाले. का? लेन्स निघाल्या असत्या तर त्या कुणाच्या, हेही निघालं असतं. एवढंच होतं माझ्या डोक्यात. समोर तिचा डोळा, आणि मी माझी डबी सांभाळत होते.

पुढच्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टरांनी या वेळी सुजातालाच विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “व्हय. घातल्या हुत्या.”

“कुणाच्या?”

“माझ्याच. मीच आणल्या. घरात कुणाला म्हाईत न्हाई.”

सासूबाईंनी तिथंच तिच्या पाठीत धपाटा घातला. “चोरून घातल्यास? सोन्यासारखी वहिनी घरात, तिला तरी इचारायचंस!” मी शेजारी उभी होते. गप्प. इथवर भित्रेपणा म्हणता येईल. भित्रेपणाला लोक समजून घेतात. पण मी इथं थांबले नाही.

परत येताना रिक्षात सासूबाई मुसमुसत होत्या. सुजाता डोळ्यावर पट्टी घेऊन आमच्या मध्ये बसलेली. आणि मी— कुणी विचारलं नसताना, गरज नसताना— म्हणाले, “मला तरी सांगायचं होतंस, सुजाता.”

तिनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पाठ टेकून बसली. बस्स. हेच ते. जे मी कधी कुणाला सांगितलं नाही, ते डबी नाही, नळाचं पाणी नाही. हे वाक्य आहे.

डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं तिला ओल्या कागदातून बघितल्यासारखं दिसतं. साताऱ्याच्या स्थळानं निरोपही पाठवला नाही. पुढं ती हट्टानं चष्मा लावूनच बघायला बसली, डागाचं आधीच सांगून. एका शिक्षकानं होकार दिला. कराडला राहते, शिवणाचे वर्ग घेते, तिचं बरं चाललं आहे. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. तिचं बरं तिनं केलं, त्यात माझं काही नाही.

गेल्या महिन्यात ती आली होती. माझी मुलगी आता कॉलेजात, तिला लेन्स हव्यात. सासूबाई म्हणाल्या, “आत्याचा डोळा बघ. चोरून घालाय गेली, जल्माचं करून घेतलं.” मुलीनं टक लावून आत्याच्या डोळ्याकडं पाहिलं. सुजाता पेरू चिरत होती. म्हणाली, “खरं हाय गं, माझीच चूक.”

मी चहा गाळत होते. लेन्स घालून. याही वेळी काही बोलले नाही. तेव्हा वय लहान होतं, घर नवं होतं, असलं काही माझ्या वतीनं म्हणू नका. गेल्या महिन्यात मी लहान नव्हते.

चष्म्याला नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग आहे, तो मरेपर्यंत राहील. पण रिक्षातलं ते वाक्य मला त्यांनी शिकवलं नव्हतं. ते माझं होतं.

हे छापून आलं की आमच्या घरी वाचलं जाईल. सासूबाई बोट ठेवून ठेवून सगळं वाचतात. मुलगीही वाचेल. वाचू देत. काय म्हणायचं ते म्हणू देत. सुजाताला विचारून लिहिलेलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ दे वहिनी. आणि मी जाऊ दिलं असतं.