शेवट कानात सांगणारे काका

सिनेमा संपायला दोन मिनिटं उरली की काका दार उघडायचे. उजव्या पायाची टाच दाराच्या खालच्या कडेला लावायचे, पाठ भिंतीला टेकवायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. आतून माणसं बाहेर यायला लागली की त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरायची.

"पडदा तर सारेच पाहतेत," ते म्हणायचे. "आपण तोंड पाहायचं. पिच्चर तोंडावर उतरला का नाही, ते पाहायचं."

तुम्हीही कधीतरी अशा दारातून बाहेर पडला असाल. डोळे उजेडाला सरावलेले नसतात, मोबाइल चालू करायची घाई असते. दार धरून कोणीतरी उभं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. त्याला मात्र आपण हसलो, रडलो की पैसे वाया गेले म्हणून चिडलो, हे सगळं कळलेलं असतं.

रायपूरच्या एका मॉलमधल्या सिनेमाघरात काका दारावर होते. त्याआधी वीसेक वर्षं ते एका जुन्या टॉकीजमध्ये टॉर्च घेऊन लोकांना जागा दाखवायचे. ती टॉकीज बंद पडली आणि ते इकडे आले. इतकी वर्षं सिनेमाघरात काढूनही त्यांनी एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहिलेला नव्हता. "आपला पिच्चर तुकड्या-तुकड्यात असते," असं ते सांगायचे. नायक गरीब कधी झाला ते त्यांना ठाऊक नसे, एकदम श्रीमंत झालेलाच दिसे.

मी तिथे तिकीट खिडकीवर लागले तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. माझे वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्याच हाती आली. शाळा लहान गावातली, त्यामुळे चुरचुरीत हिंदी-इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा घरून फोन आला आणि मी हळूच म्हणाले, "हो आई, जेवले." मागून आवाज आला.

"मराठी होय का वो पोट्टी तू? मग इतके दिवस मले भैया-भैया काहून करून राहिली?"

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला पोट्टी.

एकदा एका माणसाने खुर्ची तुटकी निघाली म्हणून माझ्यावर असा आरडाओरडा केला की मी रडायच्या बेताला आले. काकांनी नंतर मला बाजूला घेतलं. "ओरडणाऱ्याच्या कपाळाकडे पाहायचं. डोळ्यात पाहिलं तर भांडण वाढते. खाली पाहिलं तर तो तुले दाबते. कपाळाकडे पाहिलं का त्याले वाटते ही ऐकून राहिली, अन् तुले काही लागत नाही."

ही युक्ती मी आजही वापरते. एकदा फारच वाईट ठिकाणी वापरली. ते पुढे सांगते.

दोन वर्षांनी मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत होती. काकांनी मला सकाळच्या रिकाम्या हॉलमध्ये पडद्यासमोर उभं केलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "बोल. तीनशे खुर्च्या आहेत, एकही उलटून बोलणार नाही." आठवडाभर मी रोज त्या खुर्च्यांशी बोलले. जागा मला मिळाली. तेव्हापासून चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, पण कोणी जवळ नसलं की पुन्हा पोट्टी.

काकांची आणखी एक सवय होती, ती नियमात बसणारी नव्हती. अंधारात एखादं लहान मूल घाबरून रडायला लागलं की ते वाकून त्या रांगेत शिरायचे, पोराच्या कानाशी तोंड नेऊन सिनेमाचा शेवट सांगून टाकायचे आणि तसेच वाकून परत यायचे. पोर गप्प व्हायचं. मग राक्षस कितीही मोठा येवो, ते मजेत पाहत बसायचं.

एकदा शेजारच्या खुर्चीतला कॉलेजचा मुलगा भडकला. "अंकल, आपने तो पूरा सस्पेंस बता दिया!"

"आपको कहाँ बताया बेटा? आप सुन क्यों रहे थे?"

दुसऱ्या एका वेळी भुतांचा सिनेमा होता. चांगले शंभर किलोचे एक शेठ दारापाशी आले आणि घाम पुसत काकांच्या कानात पुटपुटले, "भैया, लड़की बचेगी ना?" काकांनी त्यांनाही सांगितलं. मला नंतर म्हणाले, "मोठ्याले शेवट सांगणं पाप, लहान्याले न सांगणं पाप. पण शेठचं तोंड त्या वक्ती पाच वर्षांचं झालं होतं."

शेवट त्यांना ठाऊक कसा असे? जो कोणी आधी पाहून येईल त्याला ते विचारून ठेवायचे. जुन्या टॉकीजमध्ये मशीनवाल्याला विचारायचे. इथे मला.

आता एका कोकराची गोष्ट. आमच्याकडे मुलाला घास भरवताना ती सांगतात. मेंढी आजारी पडते. तिचं कोकरू डोंगरापलीकडून औषधी पाला आणायला निघतं. वाटेत लांडगा, नदी, काट्यांचं रान. जो तो विचारतो, इतक्या घाईनं कुठे? कोकरू म्हणतं, मायपाशी. शेवटी ते घरी येतं, माय पाला खाते आणि उठून बसते. तेवढ्यात मुलाचं ताटही रिकामं झालेलं असतं.

या गोष्टीवर हिंदीत मोठा सिनेमा आला. पोस्टरवर पांढरंशुभ्र कोकरू, गळ्यात घंटा. शाळांनी शोच्या शो आधीच घेऊन ठेवले.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी, दुपारी, आम्हा मोजक्या लोकांसाठी एक शो ठेवला होता. मी तो पाहिला. इतकं देखणं आणि इतकं काळजाला लागणारं मी क्वचितच पाहिलं असेल. पण ती आपली गोष्ट नव्हती. कोकरू लांडग्याला चुकवतं, नदी पार करतं, पाला घेऊन घरी येतं. पण त्याला उशीर झालेला असतो. घर रिकामं असतं.

मी डोळे पुसत बाहेर आले. दाराशी काका होतेच, टाच लावून. माझ्या शेजारी आमचे वरिष्ठ साहेब चालत होते. ते फोनवर कोणाला तरी बुकिंग कसं जोरात आहे ते सांगत होते.

काकांनी हळू विचारलं, "येते ना वो कोकरू घरी?"

"येतं," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. कोकरू घरी येतंच. पुढचं सांगायला मला फार तर पंधरा सेकंद लागली असती. पण साहेब सोबत होते, आणि सिनेमा लहान मुलांना झेपणारा नाही हे त्यांच्यादेखत माझ्या तोंडून निघायला नको होतं. संध्याकाळी सांगू, असं मी मनाशी म्हटलं. संध्याकाळी काका घरी गेले होते. सकाळी पहिल्याच शोला दोन शाळा आल्या आणि बाकीच्या खुर्च्या आईबापांनी भरल्या.

लांडगा आला तेव्हाच रडारड सुरू झाली असणार. मी काउंटरवर होते. काका त्या दिवशी रांगांमधून किती वेळा वाकून गेले, ते मला नंतर कळलं. ते प्रत्येक कानात तेच सांगत होते. घाबरू नको, कोकरू आता घरी जातं, माय वाट पाहत बसली आहे, पाला खाल्ला की ती उठते.

शो सुटला तेव्हा मी दाराकडे धावले, कारण आवाज वेगळाच येत होता. पुढे कॉलेजची पाच-सहा मुलं होती. "क्या एंडिंग है यार!" म्हणत ती पोस्टरसमोर फोटो काढायला गेली. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "मैं बोली थी ना, कार्टून वाली चलते हैं." एक आजोबा टोपी हातात घेऊन कोणालाच उद्देशून नाही असं बोलत होते, "ऐसी कहानी थी ही नहीं. ऐसी थी ही नहीं." त्यांच्यामागून शाळेची मुलं आली, आणि ती मात्र अगदी गप्प होती. एका मास्तरांनी माझ्याकडे पाहून फक्त हात उडवले.

काका दार धरून उभे होते. चेहरे पाहत होते. रांगेतून सहा-सात वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन थांबली. तिच्या गालांवर ओघळ होते, पण आवाज स्वच्छ होता.

"अंकल, आपने झूठ बोला."

काकांची टाच सुटली. जड दार हळूहळू मिटत आलं. मागच्या माणसांनी ते ढकललं आणि काका भिंतीशी दबले.

मुलीच्या वडिलांनी तक्रार लिहिली. आपका आदमी बच्चों को झूठी बातें बताता है, मेरी बच्ची रात भर नहीं सोई. वरून मला विचारणा झाली आणि मी अहवाल पाठवला. तीन वाक्यांचा होता. ‘संबंधित कर्मचाऱ्याने चित्रपट पाहिलेला नव्हता. त्याने स्वतःच्या अंदाजाने लहान प्रेक्षकांना कथेबद्दल माहिती दिली. त्याला समज देण्यात आली आहे.’ आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी एका शब्दात उत्तर दिलं होतं, हे चौथं वाक्य मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तरी माझी नोकरी गेली नसती. फार तर साहेबांसमोर मान खाली घालावी लागली असती. लिहिता-वाचता यावं म्हणून माझ्या बापाने मला शिकवलं होतं, आणि लिहायची वेळ आली तेव्हा मी एवढंच लिहिलं.

काकांना दारावरून काढून खाली पार्किंगमध्ये पाठवलं.

चार-पाच दिवसांनी मी तिथे गेले. ते शिटी गळ्यात अडकवून उभे होते. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"कसं आहे काका इथे?"

"चांगलं आहे, मॅडम. गाड्याइले तोंड नसते."

कोणी जवळ नसतानाही ते मला मॅडम म्हणाले. तेवढ्यानेच सगळं कळायला हवं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेच म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी डोळे पुसत बाहेर आल्या. मले वाटलं, कोकरू मायले भेटलं म्हणून रडून राहिल्या. तोंड वाचाले चुकलो मी."

चूक त्यांनी स्वतःवर घेतली होती. मी म्हणायला हवं होतं, नाही काका, तुम्ही विचारलं होतं, मीच पुरतं सांगितलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "असू द्या." आणि त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही ठाऊक नाही, पण मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेलेच नाही. मॉलपासून स्कूटीवर वीस मिनिटांचा रस्ता आहे. इतरत्र कुठेही गेले तरी मी त्या बाजूने जायचं टाळायचे. असं करता करता तीन वर्षं निघून गेली. मागच्या हिवाळ्यात पार्किंगमधल्या एका माणसाने सहज सांगितलं, "वो पुराने वाले चाचा नहीं रहे, मालूम है ना?" त्यांना जाऊनही महिना झाला होता.

तेव्हा गेले. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"तूच होय का थे पोट्टी? पिच्चरवाली?"

मी मान हलवली. त्यांनी चहा केला. भिंतीवर काकांचा फोटो होता. पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे ते थेट समोर पाहत होते. मी जे बोलायला आले होते ते बोलले. अहवालाचं सांगितलं, चौथ्या वाक्याचं सांगितलं. काकू पदराशी चाळा करत ऐकत होत्या.

"त्यांनी पाह्यला होता थो पिच्चर," त्या म्हणाल्या. "काम सोडल्यावर. दुसऱ्या टॉकीजमधी, तिकीट काढून. मले म्हणे, जिंदगीत पहिल्यांदा पुरा पिच्चर पाह्यला. घरी आले, जेवले नाही. मग म्हणे, पोट्टी काहून बोलू शकली नाही, आता समजलं. एवढं पाहून आल्यावर कोणाच्या तोंडून शब्द निघते?"

माझ्या तोंडून शब्द निघाला होता. एकच, आणि तो मी नीट तोलून काढला होता. ते काकूंना सांगावं की नाही, मला कळेना. काकांनी मला माफ केलं होतं, पण जी मी होते तिला नाही. माझ्या जागी त्यांनी एक भली मुलगी कल्पून घेतली होती, तिला.

निघाले. दारात चप्पल घालत होते, तेव्हा काकू मागून आल्या.

"एक सांग. काय होतं वो त्या पिच्चरच्या शेवटी? मी लय वेळा विचारलं, त्यांनी मले सांगितलंच नाही. मोठ्याले सांगत नसतेत, म्हणे."

मी त्यांच्याकडे वळले. या वेळी कपाळाकडे नाही, डोळ्यांत पाहिलं. कोकरू डोंगर उतरून येतं, हे सांगितलं. पाला तोंडात धरलेला असतो, हे सांगितलं. घर रिकामं असतं, हेही सांगितलं.

काकूंनी एकदा मागे खोलीकडे पाहिलं.

"मंग थे काय करते?"

"काही नाही काकू," मी म्हणाले. "दारातच उभं राहतं."