इंजिनाची वेणीफणी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. बरं, हसा, पण चहा सांडू नका!

मी किती लाजरी आहे ते आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. आजवर एकदाच गेला. कुठे गेला, ते ऐका.

आमच्या खटकचिंचोळीत मोटार एकच, माझ्या काकाची. जुनी, सहा सिलिंडरची. काका तिला नुसतं ‘ती’ म्हणतो. “ती आज नीट बोलायली न्हाई,” असं तो म्हणाला की काकूला दर वेळी वाटतं, आपल्याबद्दलच बोलायलाय.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुसून पुजायची असतात. गेल्या साली काका मला म्हणाला, “तिची पूजा तू कर गं. तुझा हात नीट आहे.”

एवढा मान! मी बॉनेट उघडून इंजिन असं पुसलं की त्यात तोंड दिसावं. विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडू खोवले. एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती. प्लगच्या काळ्या तारांपैकी दोन एकमेकींवर चढून बसल्या होत्या. सणाच्या दिवशी असा गुंता? मी त्या दोन्ही उपटल्या, पुसल्या आणि ओळीत सरळ लावून टाकल्या. एक जरा ताणली गेली. दुसरी सैल राहिली, तर तिच्यात झेंडूचं फूल अडकवलं. वेणीच घातली म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्याच दिवशी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, सुपारी फुटायची होती. सोयरीक पक्की व्हायची होती हो! मुलाचं घर कल्याणला, म्हणजे आपल्या बसवण्णांच्या कल्याणला. मुलगा अक्काला पसंत होता. ती कुणाला बोलली नव्हती, पण बरेच दिवस घरात करपलेल्या भाकरी खाऊन मी ओळखलं. अडचण एकच, मुलाची आत्या. “या लोकांनी काहीतरी खोट झाकलीय,” असा तिचा संशय होता.

सकाळी निघालो. मागे माझी आई, म्हणजे अव्वा, अक्का आणि मी. पुढे काकाजवळ माझे वडील, अप्पा, नवंकोरं पांढरं धोतर नेसून. मोटार सुरू झाली ती कुडकुडत.

“थंडी वाजायलीय तिला,” काका म्हणाला.

गावाबाहेर त्याने वेग वाढवायला पाय दाबला मात्र, फाट्!

हळू चाललं की ती नुसती खोकायची. पाय दाबला की फाट्! फाट्!

“पेट्रोलात घासलेट मिसळलं असंल,” काका म्हणाला.

“नळी फुटली असंल,” अप्पा म्हणाले.

“दृष्ट लागलीय!” अव्वाने निकाल दिला.

बंदुकीसारख्या त्या आवाजाची भीती गोळीबाराच्या दिवसांपासून आपल्याकडे अजून गेलेली नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. वाटेतल्या गावात दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. एक म्हातारी दाराआडून ओरडली, “आता पुन्हा कोण आलं रे?”

“कोणी न्हाई आजी, सोयरिकीला जायलाव!” काका मान बाहेर काढून म्हणाला.

“मग असं भांडायला निघाल्यावानी कामून जायलाव?”

तेवढ्यात मला आठवलं. मी अव्वाच्या कानात पुटपुटले, “अव्वा, मागच्या नळीला कुंकू लावायचं राहिलं.”

“बघा! म्हणूनच ती कोपली!”

मोटार थांबली. इंजिन चालूच होतं. “भरपूर लाव,” अव्वा म्हणाली, म्हणून मी मूठभर कुंकू नळीला आतबाहेर फासलं. अप्पा मागे हात जोडून उभे राहिले. काकाने पाय दाबला.

फाट्!!

सगळं कुंकू अप्पांच्या नव्याकोऱ्या धोतरावर! आणि दुसरं धोतर? घरी, पेटीत.

कल्याणला मुलाच्या दारातच तिने शेवटचा बार काढला. माणसं धावत बाहेर आली. बघतात तो अप्पा मोटारीतून उतरताहेत, कमरेपासून खाली लाल.

आत्याबाईंनी किंकाळी फोडली, “गोळी लागली गं बाई!”

“अहो, कुंकू आहे, कुंकू!” अप्पा म्हणाले.

“लागल्यावर माणूस असंच बरळतंय! आधी खाटेवर घ्या त्यांला!”

खरा प्रकार कळल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “अपशकुन झाला. सुपारी आज नको.” अक्काने बोटाला पदर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मला रडूच यायला लागलं.

मुलाच्या वडलांची तेलाची गिरणी आहे. त्यांनी बाह्या सारल्या. “थांब जरा, आधी इंजिन बघू.” इंजिन चालू ठेवून, कोरड्या फडक्याने धरून, ते एकेक तार काढून परत लावत गेले. तार काढली की इंजिन लंगडायचं. दोन तारा मात्र काढल्या काय, ठेवल्या काय, सारखंच!

“हे दोन सिलिंडर कामच करायले न्हाईत,” ते म्हणाले. मग त्यांना ती ताणलेली तार दिसली, आणि ते झेंडूचं फूल दिसलं.

“वा! इतक्या देखण्या तारा कुणी लावल्या हो?”

आणि माझा हात वर गेला! झटकन, पार कोपर ताठ करून!

“फूलपण मीच लावलंय,” मी म्हणाले.

मग त्यांनी मला जवळ बोलावून समजावलं. प्रत्येक प्लगला ठिणगी त्याच्या पाळीनेच मिळायला हवी. हजेरीत एकीचं नाव पुकारल्यावर दुसरीने ‘हजर’ म्हणावं, तसं मी केलं होतं. न जळलेलं पेट्रोल मागे नळीत जाऊन पेटत होतं. त्यांनी दोन्ही तारा पहिल्यासारख्या एकमेकींवर चढवल्या. काकाने पाय दाबला. ती गुणगुणली!

मग ते आत्याबाईंना म्हणाले, “जिथली धाकटी पोर अशी चारचौघांत हात वर करून आपली चूक सांगते, ते लोक खोट झाकतील व्हय? फोडा सुपारी!”

फुटली! अक्काने डोळे पुसत माझा हात घट्ट धरला. अप्पांना व्याह्यांनी स्वतःचं धोतर दिलं. मला कुणी रागावलं नाही, काकाही नाही. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून त्यांना आजपर्यंत सांगितलं नाही, की मी चूक सांगायला हात वर केलाच नव्हता. मला वाटलं, शाबासकी मिळणार!

यंदाच्या खंडेनवमीलाही काकाने पूजेचं ताट माझ्याच हाती दिलं. फक्त पूजा संपेपर्यंत तो स्वतः बॉनेटवर मांडी घालून बसला होता. मग काय करणार? मी त्यालाच विभूती लावली आणि कानात झेंडू खोवला.