दावं कुणाच्या हातात

माझी सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत गेली. सुरुवात सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीला, शेवट साताऱ्यात कोरेगावला. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण गावोगावी मला डॉक्टरच म्हणत आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. या नोकरीने मला संशयी केलं. व्यापारी शिंगांना तेल चोळून म्हशीचं वय लपवतात, दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून बाजारात आणतात, लंगडं जनावर चिखलात उभं करतात. असं रोज बघितल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? आजही मी गॅसची टाकी वजन केल्याशिवाय घरात घेत नाही. बायको म्हणते, तुम्ही माझ्या माहेरच्या लोणच्याचीही उलटतपासणी कराल. करतोच.

निवृत्तीनंतर कोरेगावातल्या एका बिनव्याजी पतसंस्थेने मला बोलावलं. चपलांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांचं ऑफिस. मुसलमान समाजातल्या मंडळींनी काढलेली संस्था, सभासद मात्र सगळ्या जातीधर्मांचे. व्याज त्यांच्या धर्मात निषिद्ध, म्हणून रीत वेगळी. तुम्हाला म्हैस हवी असेल तर संस्था पैसे देत नाही. ती स्वतः म्हैस विकत घेते आणि ठरलेला नफा धरून तुम्हाला हप्त्यांवर विकते. विकत घेण्याआधी म्हैस निरोगी आहे की नाही हे बाजारात जाऊन बघायचं आणि दाखला द्यायचा, हे माझं काम. दाखल्यामागे तीनशे रुपये.

मला हे सगळं थोतांड वाटलं. नफा काय आणि व्याज काय, नाव बदललं की झालं? संस्थेने एक मौलाना धर्मसल्लागार म्हणून नेमले होते. महिन्यातून एकदा ते सांगलीहून यायचे, कागद तपासायचे आणि वर्षाअखेरीला सगळा व्यवहार धर्माला धरून झाला, असं लिहून द्यायचे. मानधन त्यांना संस्थाच द्यायची. ज्याचा चहा प्यायचा त्याच्याच चुका काढायच्या, हे मला पटणारं नव्हतं. माझ्या संशयात त्यांच्या दाढी-टोपीचाही वाटा होता, ते मी नाकारत नाही. हिंदू पुजारी असता तर मी इतका खोलात गेलो नसतो.

एकदा तर मी त्यांच्या मागे एसटी स्टँडपर्यंत गेलो. म्हटलं, त्यांना न्यायला कोपऱ्यावर संस्थेच्या मॅनेजरची गाडी उभी असणार. गाडीबिडी काही नव्हती. सांगलीला जायला त्यांनी आधी साताऱ्याची एसटी धरली आणि जागा नव्हती म्हणून दांडीला धरून उभे राहिले. तरी माझं समाधान झालं नाही. लोकांना दाखवायला करत असतील, असं म्हणत मी घरी आलो.

त्यांचा एक नियम होता आणि त्याला मी मनातल्या मनात फार हसायचो. म्हैस घेतल्यावर संस्थेच्या शिपायाने बाजारात तिचं दावं स्वतःच्या हातात घ्यायचं. तिथपासून ती संस्थेची. मेली, पळाली तर नुकसान संस्थेचं. त्यानंतरच विक्रीचा कागद करायचा, आधी नाही. हा धोका पत्करला तर नफा चोख, नाहीतर ते व्याजच, असं मौलाना सांगत. मॅनेजरला हा नियम नको होता. पोरगं हुशार, पुण्यात शिकून आलेलं. दर गुरुवारी शिपायाला लोणंदच्या बाजारात पाठवलं की दिवस मोडतो, म्हशींची संख्या वाढत नाही आणि वार्षिक सभेत दाखवायला काही उरत नाही, ही त्याची तक्रार. मग त्याने हळूच वाट काढली. खरेदीचा कागद, माझा दाखला आणि विक्रीचा कागद, तिन्ही बुधवारी ऑफिसातच तयार. तारीख गुरुवारची. व्यापारी मोबाइलवर म्हशीचा फोटो पाठवायचा.

पहिल्यांदा मी कुरकुरलो. एप्रिलचं ऊन, दुखरा गुडघा आणि लोणंदपर्यंतचा रस्ता आठवला आणि सही केली. पुढे कुरकुरणंही बंद झालं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कोरड्या भागातली एक धनगर बाई म्हशीसाठी आली. नवरा वारलेला, मेंढरांमागे फिरायला घरात कुणी उरलेलं नाही. शेवटची मेंढरं विकून तिने म्हशीची आगाऊ रक्कम भरली होती. तिच्याकडे एवढंच होतं. बुधवारी ती ऑफिसात आली, मॅनेजरने बोट ठेवलं तिथे सही केली आणि माझ्याकडे वळली.

"मेंढराचं मला कळतंय सायेब, म्हशीचं न्हाई. तुमी बघताय म्हनून म्या बाजारात येत न्हाई."

मी मान हलवली. फोटोतली म्हैस काळीभोर होती, कास चांगली होती. दाखला मी तिच्या देखत लिहिला, तिला तो बाकीच्यांसारखाच एक कागद वाटला.

गुरुवारी दुपारी मी घरी आडवा झालो होतो तेव्हा फोन आला. व्यापाऱ्याचा टेम्पो सालपे घाटात असताना म्हैस खाली बसली आणि वाठारला पोचेपर्यंत मेली. विमा कानात बिल्ला मारल्यावर, म्हणजे घरी पोचल्यावर उतरवायचा होता. मी रिक्षाने गेलो. तिला टेम्पोतून रस्त्याकडेच्या मातीत उतरवलं होतं. गळ्याखाली हात लावला आणि माझं मलाच कळलं. पोळीला, म्हणजे गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला, सूज होती. आजची नव्हे, आठवड्याभराची तरी. पोट उघडलं तर आत बोटभर तार, चाऱ्यातून गेलेली, पडदा फोडून काळजाला टोचलेली. बाजारात मी दोन मिनिटं तिच्यापुढे उभा राहिलो असतो तर ही म्हैस कुणी घेतली नसती.

मॅनेजर माझ्या कानाशी आला. "डॉक्टर, प्रवासात दगावली असं लिहा. विक्री बाजारात झालीये, आपला संबंध नाही."

तेवढ्यात ती बाई पुतण्याच्या मोटरसायकलवरून आली. म्हशीकडे बघून ती खालीच बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी सकाळी बघितली व्हती न्हवं?"

"बघितली की," मी म्हणालो.

हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. तारेचा तुकडा तेव्हा माझ्या हातरुमालात होता.

पुढच्या आठवड्यात मौलाना मुद्दाम आले. खोलीत ते, मॅनेजर, ती बाई आणि मी. मला वाटलं, हे नाटक आहे. मौलाना आणि मॅनेजर आधीच ठरवून आलेत, आता धर्माचा आधार देऊन बाईला घरी पाठवतील. मॅनेजरने तिन्ही कागद क्रमाने मांडले. सकाळी दहाला तपासणी, मग खरेदी, मग बाजारातच विक्री. बाई म्हणाली, "माझी सही बुधवारचीच हाय, हितं बसूनच केली." मॅनेजर नम्रपणे हसला. म्हणाला, डॉक्टर स्वतः बाजारात होते, दाखला बघा.

मौलानांनी दाखला हातात घेतला. त्यांचं मराठी सावकाश आणि स्वच्छ होतं. "डॉक्टरसाहेब, या बाईंना विकली तेव्हा म्हैस संस्थेची झालेली नसेल, तर ही विक्रीच झाली नाही. जे आपलं नाही ते विकता येत नाही. मग म्हैस आमची मेली, आणि यांची रक्कम यांना परत. पण तुम्ही बाजारात असाल आणि सगळं या कागदांप्रमाणे झालं असेल, तर नुकसान यांचं. दावं कुणाच्या हातात होतं, तुम्ही पाहिलं?"

ते पुढे म्हणाले, "गेल्या वर्षी सगळं शरियतप्रमाणे झालं, असं मी लिहून दिलं. मी बाजारात जात नाही. माझी सही तुमच्या सहीवर उभी आहे. म्हणून विचारतो."

मी त्यांच्या चेहऱ्यात खोट शोधत होतो. खरं सांगायचं तर मला ती हवी होती. ते लबाड निघाले असते तर मी एकटा लबाड ठरलो नसतो. मॅनेजर निवांत बसला होता, कारण हा म्हातारा डॉक्टर स्वतःचं नाक कापून घेणार नाही याची त्याला खात्री होती. बाई माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्या मते माझा जबाब वाठारलाच झाला होता.

"मी बाजारात नव्हतो," मी म्हणालो. "म्हैस मी जिवंत बघितलीच नाही. दाखला बुधवारी इथे बसून लिहिला. आधीचेही बरेचसे तसेच."

कुणी आवाज चढवला नाही. मौलानांनी कागद मागितला आणि मला ते लिहायला सांगितलं. मग दुसऱ्या कागदावर त्यांनी स्वतःचं लिहिलं. आपला गेल्या वर्षीचा दाखला न तपासता दिलेला होता, तो रद्द समजावा, आणि त्या वर्षीचं मानधन आपण परत करतो. मॅनेजर म्हणाला, मौलाना, याने संस्थेचं नाव जाईल. "जाऊ दे," ते म्हणाले. बाईची रक्कम परत करायची आणि तिला हवी असेल तर नियमाने दुसरी म्हैस द्यायची, असं ठरलं.

मला हलकं वाटलं, आणि थोडा अभिमानही. जिन्यात बाई चपला घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "पुढच्या गुरुवारी मी स्वतः लोणंदला येतो. पैसे नकोत मला."

तिने दुसऱ्या पायात चप्पल सरकवली.

"नगं सायेब. तुमी आत खरं बोलला, बरं झालं. पर त्या दिशी म्हस म्होरं मरून पडलेली, आन् तुमी माझ्या तोंडाकडं बघून 'बघितली' म्हनला. दुसरी म्हस दुसरंच कुनीतरी बघंल. म्या मौलानास्नी तसं सांगून ठेवलंय."