सुदेशचा संथ ठेका

मोहने गावचा सुदेश माझा जुना विद्यार्थी. शाळेत बाक बडवायचा, आता हळदीच्या कार्यक्रमांत स्वतःच्या बेंजो पार्टीबरोबर ऑक्टोपॅड वाजवतो. टिटवाळ्याच्या एका हळदीत नवरी संचिताने त्याच्याकडे अमापियानोचा हट्ट धरला. दक्षिण आफ्रिकेतलं हे नाचाचं संगीत आता जगभरच्या तरुणांच्या मोबाईलवर वाजतं. ठेका संथ, तळाचा आवाज जड आणि घुमणारा. सुदेशने ते मन लावून बसवलं, पण आतून तो घाबरला होता. आपल्याकडे हळदीचा ठेका चढत जातो, आणि त्या घरात नवरीची आत्या उठल्याशिवाय कोणी नाचत नाही. मांडव बसूनच राहिला, तर त्याच्या पार्टीला पुन्हा कोण बोलावणार?

त्याने सुरुवात केली. कोणी उठेना. शीलाआत्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "काय रं सुदेश, जेवला नाहीस का? हात उचलत नाय तुझा."

"आत्या, हे असंच असतं."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या आणि हलक्या पावलांनी नाचू लागल्या. गुडघे धरल्यापासून त्या कुठल्याच हळदीत नाचल्या नव्हत्या; नुसत्या उठून टाळ्या वाजवायच्या, मग बाकीचे नाचायचे. मागोमाग त्यांच्या वयाच्या बायका उठल्या, मग पोरंटोरं. सुदेशचा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात सवयीने त्याचा हात वेग घेऊ लागला.

"पळू नको रं," आत्या नाचता नाचताच म्हणाल्या, "आत्ता कुठं मला जमतंय."

सुदेश हसला आणि पुन्हा सावकाश वाजवू लागला.